पाणमोट फुटली अन् आम्ही लघवी समजून रात्रभर घरीच बसलो

कपाशीची_माय · सोमवार, रात्री ९:४०

कुठून सुरू करू समजत नाही, पण लिहून टाकते, कारण घरात हा विषय काढला की सासूबाई उठून चुलीकडं जातात अन् जाऊ रडायला लागते.

आम्ही पांढरकवड्याकडच्या गावातले. घरी कपाशी अन् तूर. माझी धाकटी जाऊ, वय २२, पहिलटकरीण. संक्रांतीच्या तीन दिवस आधीची गोष्ट, तिला तेव्हा ३१ आठवडे झाले होते, म्हणजे आठवा लागलेला. दुपारी तूर सवंगून आली, हातपाय धुतले, भाकरीच्या पिठाला बसली अन् उठताना म्हणते, "ताई, परकर ओला झाला वाटते." मी म्हटलं लघवी निघाली असन, लेकराचं वजन दाबते ना खाली. तिनं परकर बदलला, जुन्या लुगड्याची घडी लावली. तासाभरात घडी ओली. दुसरी लावली, ती पण ओली. मी ती घडी हातात धरून पाहिली होती हो, कोमट पाणी, पिवळा डाग नाही, लघवीचा वास नाही, वेगळाच काहीतरी वास. ती घडी डोळ्यासमोरून जात नाही माझ्या.

सासूबाईंनी विचारलं, "पोट दुखते का?" ती म्हणे नाही. "मंग कायले जाचं दवाखान्यात रातीच्या वक्ती? कळा नाईत तं बाळंतपण नाई." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांची चारही बाळंतपणं घरीच झाली, त्यांनी जे पाहिलं तेच सांगितलं. रात्रभर ती कुशीवर पडून राहिली, गोधडी ओली होत राहिली. सकाळी सहाला आशाताईला बोलावलं तर ती दारातूनच म्हणाली, बाई ही पाणमोट फुटली, अन् तिथंच उभ्यानं १०८ ला फोन लावला.

पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, एक इंजेक्शन दिलं, मग जिल्ह्याला पाठवलं. तिथं तीन इंजेक्शनं अजून, अँटिबायोटिक, पडून राहायचं. पाचव्या दिवशी ताप चढला म्हणून मग डॉक्टरांनी कळा आणून बाळंतपण केलं. मुलगी. १ किलो ४८० ग्रॅम. २६ दिवस काचेत होती.

आता जे खरं विचारायचं आहे ते. जाऊला पाचव्या महिन्यापासून धुपणी, म्हणजे अंगावरून पाणी, जात होती, राखाडी, पातळ, मासळीसारखा वास. मला एकटीलाच सांगितलं होतं. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं तर तपासलं नाही, उठून पडद्यामागं पण नेलं नाही, कॅल्शियम अन् टॉनिक लिहून दिलं. नंतरच्या तपासणीला रांगेत इतकी माणसं की ती बोललीच नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात सांगितलं की खालच्या अंगात इन्फेक्शन होतं अन् लघवीतही होतं. तेव्हापासून ती म्हणते माझ्याच अंगात घाण होती म्हणून लेकरू लवकर आलं. हे खरं आहे का? अन् पुढच्या खेपेला असंच होईल का? कोणाला माहीत असेल त्यांनी नीट सांगा.

सिस्टर_२३वर्षं · सोमवार, रात्री १०:१५

ताई, मी वर्धा जिल्ह्यात एएनएम आहे, २३ वर्षं झाली. आधी जाऊबाईला माझ्याकडून सांगा की "घाण" हा शब्द तोंडात आणायचा नाही. इन्फेक्शन सर्दीसारखं कोणालाही होते, नवीकोरी साडी नेसणाऱ्या बाईलाही होते.

गरोदरपणात थोडं पांढरं पाणी जास्तच जाते, पातळ, दुधाळ, वास नाही, खाज नाही, त्याचं काही टेन्शन घेऊ नका. पण तुम्ही सांगितला तसा राखाडी पातळ स्राव अन् मासळीसारखा वास, विशेषतः संबंधानंतर वास वाढणं, हे बॅक्टेरियल व्हजायनोसिसचं लक्षण. आपल्या अंगात चांगले जंतू असतात, लॅक्टोबॅसिलस म्हणतात, ते आतली जागा आंबट ठेवतात म्हणजे वाईट जंतू वाढत नाहीत. ते कमी झाले की हे होते. दही फाटल्यासारखं घट्ट पांढरं अन् भयंकर खाज असेल तर ती बुरशी, शुगर असणाऱ्या बायांना जास्त. अन् हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव, आग, खाज असेल तर ट्रायकोमोनास, तो नवऱ्याकडून येतो-जातो म्हणून नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात. हे मी लक्षणावरून सांगते आहे, खात्री तपासूनच होते, कारण एकीला दोन-दोन पण असतात.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. तुरटीच्या पाण्यानं, डेटॉलनं, मिठाच्या पाण्यानं आतून धुऊ नका. आपल्याकडं बाया लाजेपायी दवाखान्यात येत नाहीत अन् घरी तुरटी लावत बसतात, त्यानं तेच चांगले जंतू मरतात. बाहेरून साधं पाणी पुरे. अन् मेडिकलमधून शेजारणीच्या चिठ्ठीवर गोळी आणू नका. पांढऱ्या पाण्याच्या सरकारी हिरव्या किटमध्ये बुरशीची फ्लुकोनॅझोल गोळी असते, ती पोटुशीला देत नाहीत, तिला आत ठेवायची क्लोट्रिमॅझोलची गोळी देतात. म्हणून कुठंही गेलात तरी आधी "मी पोटुशी आहे" हे सांगा, तिसरा महिना असला तरी सांगा.

आजी_अचलपूर · सोमवार, रात्री १०:५०

माह्या वक्ती सगळ्याच बायांले धुपणी जाये. आमी म्हनो आंगात गरमी झाली. धने-जिऱ्याचं पानी पेवो, सब्जा पेवो, उनात कमी फिरो. कोनी दवाखान्यात जाये ना. अन् सातव्यातलं लेकरू जगते, आठव्यातलं नाई जगत असं माही सासू सांगे. तुह्या जावेचं आठव्यातलं जगलं म्हन्ते, देवाची कृपा. माह्यं दुसरं लेकरू असंच आलं होतं, पानी गेलं दोन दिस आदी. ते नाई राह्यलं. मले तवा कोनी काई सांगितलं नाई काहून गेलं ते.

प्रसूतीकक्ष · मंगळवार, सकाळी ७:०५

आजी, तुमचं वाचून झोप आली नाही रात्री. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, शिकले सेवाग्रामला, आता एका सरकारी रुग्णालयात आहे. तुमचं लेकरू काहून गेलं ते इतक्या वर्षांनी सांगणं शक्य नाही, पण पाणी गेल्यावर दोन दिवस औषधाविना जाणं म्हणजे जंतूंना वर चढायला दोन दिवस मोकळे मिळणं, अन् ते तुमच्या हातात नव्हतं. धने-जिऱ्याचं पाणी जरूर प्या, पाणी पोटात जाणं चांगलंच, पण त्यानं हे इन्फेक्शन जात नाही.

सातवा-आठव्याचं आधी सांगते कारण यानं नुकसान होते. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा जास्त जगतं, कमी नाही. फुप्फुसं, मेंदू, चोखायची ताकद, सगळं दर आठवड्याला वाढत असते. "आठव्यातलं जगत नाही" असं घरात ठरलं की मोठ्या दवाखान्यात न्यायला लोक ढिले पडतात, हे मी डोळ्यानं पाहते.

आता जाऊबाईचं. बाळाभोवती पातळ पडद्याची पिशवी असते, तिला आपण पाणमोट म्हणतो. खालच्या मार्गातले जंतू गर्भाशयाच्या तोंडातून वर चढले की तिथं सूज येते, जंतू अन् आपल्याच शरीरातल्या पेशी अशी रसायनं सोडतात की पडद्याचा धागा न् धागा सैल होतो. गोणपाट सतत ओलं राहून कुजलं की एका जागी जीर्ण होऊन फाटतं, तसंच. त्याच सुजेतून कळा आणणारी द्रव्यंही तयार होतात. म्हणजे संसर्गाचा संबंध आहे, पक्का आहे. पण एकाच बाईच्या बाबतीत "याच्यामुळंच झालं" असं बोट ठेवून सांगता येत नाही. आधी असं झालेलं असणं, जुळी, पाणी फार जास्त असणं, गर्भाशयाचं तोंड आखूड असणं, मधे रक्तस्राव, अशक्तपणा, तंबाखू, अशी बरीच कारणं आहेत, अन् कितीतरी जणींत यातलं काहीच सापडत नाही.

अजून एक खरं सांगायला पाहिजे, नाहीतर मी फसवणूक केली असं होईल. व्हजायनोसिस असणाऱ्यांत वेळेआधी बाळंतपण जास्त दिसते, पण काहीही त्रास नसलेल्या सगळ्याच बायांना शोधून गोळ्या दिल्या म्हणून अशी बाळंतपणं कमी झाली असं अभ्यासांत दिसलेलं नाही. म्हणून "तेव्हा औषध घेतलं असतं तर हे झालंच नसतं" असं जाऊबाईनं मनाला लावून घेऊ नये. वास, खाज, आग असा त्रास असेल तिला मात्र तपासून औषध द्यायलाच पाहिजे, ते त्या दवाखान्यात झालं नाही ही चूकच. लघवीचं वेगळं आहे. गरोदर बाईच्या लघवीत जंतू निघाले तर त्रास नसला तरी औषध द्यायचं, नाहीतर किडनीपर्यंत जाऊन थंडी-ताप येतो अन् बाळंतपण लवकर व्हायची भीती वाढते. शेतात दिवसभर आडोसा नाही म्हणून बाया पाणी पीत नाहीत, लघवी धरून ठेवतात. वेचणीच्या, सवंगणीच्या दिवसांत माझ्याकडं लघवीच्या जळजळीच्या बाया वाढतात.

आकडे हवे असतील तर, १०० गरोदर बायांत साधारण ८-१० जणींची पाणमोट कळा सुरू व्हायच्या आधी फुटते, त्यातल्या बहुतेकींचे दिवस भरलेले असतात. ३७ आठवड्यांच्या आधी फुटणं २-३ जणींत. पण वेळेआधी होणाऱ्या बाळंतपणांतली जवळपास एक तृतीयांश यातूनच येतात.

ती पीएचसीतली सिस्टर, तिनं फार मोठं काम केलं. ते इंजेक्शन डेक्सामेथासोन, ६ मिलिग्रॅम, १२-१२ तासांनी चार वेळा, त्यानं बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. २४ ते ३४ आठवड्यांत बाळंतपण लवकर होणार असं दिसलं तर पहिला डोस देऊनच पुढं पाठवा अशा केंद्र सरकारच्या सूचना २०१४ पासून आहेत, फक्त आईला गर्भाशयातल्या इन्फेक्शनची उघड लक्षणं असतील तर देत नाहीत. चारही डोस पूर्ण झाले, वर तीन-साडेतीन दिवस मिळाले, म्हणून ती मुलगी काचेतून बाहेर आली असं मी म्हणेन. अन् अँटिबायोटिक बहुधा एरिथ्रोमायसिन असेल, त्यानं इन्फेक्शन लांबणीवर पडतं अन् दिवस मिळतात. घरात उरलेलं कोणतंही अँटिबायोटिक मात्र अशा वेळी देऊ नका, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटनं कमी दिवसांच्या बाळांच्या आतड्याला त्रास झालेला आहे.

पुढच्या खेपेला धोका इतरांपेक्षा जास्त राहील, हे लपवत नाही. दोन बाळंतपणांत अंतर ठेवा, दिवस गेले की लगेच नाव नोंदवा अन् पहिल्याच तपासणीत "आधीचं ३१ आठवड्यांना पाणी गेलं होतं" हे सांगा. लघवी कल्चर म्हणजे लघवीतल्या जंतूंची तपासणी, रक्त, सोनोग्राफीत गर्भाशयाच्या तोंडाची लांबी, हे सगळं मग वेळेवर पाहता येते.

घाटंजीकर · मंगळवार, दुपारी १:२०

पुरुषांनी इथं लिहावं का माहीत नाही पण लिहितो. बायकोला ट्रायकोमोनास निघालं होतं सहाव्यात, सिस्टरनी मला पण गोळ्या दिल्या. मी म्हटलं मले काहीच त्रास नाही, मी काहून घेऊ. तिनं शांतपणे सांगितलं, दादा तुम्हाला दिसत नाही पण तुमच्यात असते, तुम्ही नाही घेतलं तर हिला परत होईल, दोघांची औषधं संपून आठवडा होईपर्यंत संबंध ठेवू नका. घेतल्या. आईनं मात्र बायकोच्या चालचलनावर बोट ठेवलं, तेव्हा मी आईसमोर उभं राहून सांगितलं की हे माझ्याकडून पण आलेलं असू शकते. ते बोलायला मला दोन दिवस लागले. भाऊलोकांनो, दोन दिवस लावू नका.

आणि खर्रा. आमच्याकडं बाया पण खातात, गुल लावतात, पोटुशी असताना सुद्धा. डॉक्टर मॅडमनी तंबाखू लिहिलं ते वाचून घरी दाखवलं.

सातवा_चालू · मंगळवार, रात्री ८:३०

हा धागा वाचून हात थरथरून राहिले. मला २९ आठवडे. काल संध्याकाळपासून चड्डी ओली होते, थोडी थोडी, वास नाही फार, पोट दुखत नाही, लेकरू हलते. घरचे म्हणतात उद्या बाजाराच्या गाडीनं जाऊ. मी चिखलदरा तालुक्यात आहे. पाणी गेलं की लघवी हे घरी कसं ओळखायचं?

सिस्टर_२३वर्षं · मंगळवार, रात्री ८:३६

बाई आत्ता जा. बाजाराची गाडी नको, १०८ किंवा १०२ लाव, पैसे लागत नाहीत, आणायचे पण नाही अन् दुसरीकडं पाठवायचे पण नाही, गरोदर बाईला ते मोफतच आहे. आशाला फोन कर ती सोबत येईल.

तोपर्यंत स्वच्छ पांढरा सुती कपडा किंवा पॅड लाव, रंग कसा आहे, किती ओला झाला हे पाहायला, अन् तोच सोबत घेऊन जा डॉक्टरला दाखवायला. लघवी आपल्याला थांबवता येते, हे पाणी थांबवता येत नाही, पडून उठलं की भसकन येते. पण घरी ओळखत बसायचं कामच नाही, ते काम दवाखान्याचं. आत बोट घालू नको, कोणाला घालू देऊ नको, गावात जुनी सुईण असेल तिलाही नाही, हात आत गेला की जंतू वर गेले. संबंध नाही. हिरवं पाणी, घाण वास, ताप, लेकराची हालचाल कमी, काही नाळेसारखं खाली लागलं तर गाडीत डाव्या कुशीवर आडवीच राहा, कंबरेखाली उशी घेऊन, अन् फोनवर तसं सांग.

लाव फोन अन् इथं लिही लावला म्हणून.

सातवा_चालू · मंगळवार, रात्री ८:५२

लावला. आशाताई निघाली.

प्रसूतीकक्ष · मंगळवार, रात्री ९:१०

चांगलं केलंस. तिथं गेल्यावर काय होईल ते सांगते म्हणजे घाबरणार नाहीस. उताणी झोपवून स्पेक्युलम म्हणतात ते बदकाच्या चोचीसारखं यंत्र आत ठेवून बघतील, थोडं गार लागेल, दुखत नाही फार. पाणी साचलेलं दिसलं तर पाणमोटीचं. कधी कागदाच्या पट्टीवर थेंब घेतात, गर्भजल अल्कलीसारखं असते म्हणून पट्टी निळी होते. मात्र रक्त, वीर्य किंवा इन्फेक्शन असलं तरीही निळी होऊ शकते, म्हणून एका पट्टीवर ठरवत नाहीत. काचेवर सुकवून बघितलं तर नेच्याच्या पानासारखी नक्षी दिसते. सोबत तुझं माता-बाल कार्ड घे.

आरमोरीची_आशा · बुधवार, सकाळी ६:४०

रात्रभर तिच्यासाठी जीव खालीवर झाला. काही कळलं का?

मी गडचिरोली जिल्ह्यात आशा आहे. आमच्याकडं हा विषय नवा नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बाया तपासल्या होत्या, ते १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ९२ टक्के बायांना खालच्या अंगाचा एखादा तरी आजार निघाला, अन् त्याआधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. त्या सगळ्या काही पोटुशी नव्हत्या, पण आजार अंगात घेऊनच तर बाई दिवस जाऊ देते. प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा मला आईची आठवण आली, तिनं आयुष्यभर फडकी धुऊन घराच्या मागं अंधारात वाळवली, कोणाला दिसू नये म्हणून.

मी आता घरी भेटीला गेले की सगळ्यांसमोर विचारत नाही. बाईला म्हणते चल विहिरीवर, चल तुझी कोंबडी दाखव. तिथं विचारते, वास येते का, खाज आहे का, लघवीला जळते का. "पांढरं जाते का" इतकंच विचारलं तर सगळ्याच नाही म्हणतात. "वास येते का" विचारलं की मान खाली जाते, तेव्हा समजते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायांना मोफत तपासतात, त्या दिवशी मी तिच्यासोबत आत जाते अन् तिला लाज वाटली तर मीच सांगते.

सातवा_चालू · बुधवार, दुपारी ३:१५

रेंज नव्हती. दवाखान्यातून लिहिते आहे.

मॅडमनी यंत्र लावून बघितलं, पाणी साचलेलं नव्हतं, खोकायला लावलं तरी आलं नाही. सोनोग्राफीत पाणी भरपूर आहे म्हणे. पाणमोट शाबूत आहे. पण आत फेसाळ स्राव होता, नमुना घेतला, ट्रायकोमोनास निघालं, अन् लघवीत जंतू. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या दिल्या सात दिवस, जेवणानंतर, तोंडाला लोखंडासारखी चव येते. लघवीचं कल्चर लावलं, दुसरी गोळी त्याची. नवऱ्याला पण गोळ्या दिल्या, त्यानं आधी तोंड वाकडं केलं मग मी घाटंजीकर दादांचं वाचून दाखवलं.

मॅडम म्हणाल्या, पाणी नव्हतं तरी आलीस हे बरं केलं, परत ओलं वाटलं तर परत ये, दहादा ये. आज ठेवून घेतलं आहे, उद्या सोडतील.

आजी_अचलपूर · बुधवार, दुपारी ४:०२

बरं झालं वो माय. निजून राय आता. मी माह्या सुनेले हे सगळं वाचून दाखवाले लावलं नातीकडून, तिले पाचवा चालू हाय.

कपाशीची_माय · बुधवार, रात्री ९:२०

सगळ्यांचं वाचलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जाऊला मोठ्यानं वाचून दाखवलं, डॉक्टर मॅडमचं "मनाला लावून घेऊ नये" तिथं ती थांब म्हणाली अन् तेवढं परत वाचायला लावलं. सासूबाई दाराशी तांदूळ निवडत होत्या, उठून गेल्या नाहीत.

अचलपूरच्या आजींचं आलं तेव्हा सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "माह्यंही एक गेलं होतं. थोरल्याच्या आधी." आम्हाला लग्नानंतर इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मी चार बाळंतपणं लिहिलं होतं वर, ती पाच होती.

लेकरू काल वजन केलं तर १ किलो ८६०. दवाखान्यात शिकवलं तसं दिवसभर छातीशी कातडीला कातडी लावून कांगारूसारखं धरतो, जाऊ थकली की मी, मी स्वयंपाकाला लागले की सासूबाई. डोळ्यांची एक तपासणी तिथंच झाली होती, कमी दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याला त्रास होऊ शकतो म्हणून, दुसरी उद्या आहे. सकाळी सातची गाडी. सासूबाईंनी आत्ताच सांगितलं, थंडी हाय, लेकरू पोलक्यात घेऊन मीच बसतो, तुमी दोघी मागं बसा.